टॅग लावायच्या आधी शीट बनवा: वेबसाइट ॲनालिटिक्सच्या टॅगिंगचं प्लॅनिंग कसं करायचं

साइटवर कोणी काय केलं ते ॲनालिटिक्सला कळवणारा कोडचा छोटा तुकडा म्हणजे टॅग, आणि असे टॅग एका जागी लावायचं गूगलचं साधन म्हणजे टॅग मॅनेजर. ते उघडायच्या आधी एक कोरी शीट उघडा. गूगल शीट असो, एक्सेल असो, साधी वही असली तरी चालते. नागपुरात मी बऱ्याच वेबसाइट बघत असतो, संत्र्याच्या पेट्या ऑनलाइन विकणारे, धरमपेठेतले क्लासवाले, पेंच-ताडोबाच्या सफारी जुळवून देणारे, इतवारीतले साडीवाले, आणि सगळ्यांकडे ॲनालिटिक्स लावलेलं असते, टॅगही भरपूर असतात, पण मालकाला विचारलं की दादा दिवाळीत इन्स्टावरून किती ऑर्डर आल्या तर उत्तर मिळत नाही. टॅग कमी पडले म्हणून नाही ना, एकाच गोष्टीला तीन जणांनी तीन नावं दिली म्हणून. ते लिहून ठेवायला कोणी बसलंच नव्हतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ती शीट म्हणजेच तुमची स्ट्रॅटेजी, टॅग लावणं हे त्यानंतरचं हाताचं काम. खाली संत्रा विकणाऱ्या साइटचं उदाहरण धरून सांगतो, तुमचा धंदा दुसरा असेल तर नावं बदला, पद्धत तीच राहते.

शीटमधला पहिला कॉलम प्रश्नाचा

टॅगचं नाव नंतर, आधी प्रश्न. धंद्यातल्या माणसाला, म्हणजे जो रोज फोन उचलतो, पेट्या भरतो, पैसे मोजतो त्याला बसवा आणि विचारा की तुला साइटबद्दल काय माहीत करून घ्यायचं आहे. संत्रावाल्याचे प्रश्न साधारण असे निघतात: पाच किलोची पेटी जास्त बघतात का दहाची, पिनकोड टाकल्यावर 'इथे डिलिव्हरी नाही' हे कुठल्या भागातल्या लोकांना दिसून राहिलं, कार्टमधे पेटी टाकून लोक शिपिंगचा चार्ज बघितल्यावर जातात का त्याच्या आधीच, आणि जाहिरातीवर पैसे टाकले त्यातून खरे पैसे कुठून परत आले. हे प्रश्न ऑफिसात बसून सुचत नाहीत, खास करून पिनकोडवाला, तो पेट्या पाठवणाऱ्यालाच सुचते.

प्रत्येक प्रश्नासमोर दुसरा कॉलम, की याचं उत्तर मिळालं तर आपण काय बदलणार. पिनकोडचं उत्तर मिळालं तर कुरिअरवाल्याशी नवीन भागाचा रेट बोलता येते, म्हणजे तो प्रश्न ठेवा. पानावर लोक पंचवीस टक्के स्क्रोल करतात का पन्नास टक्के, हे कळून काहीच बदलणार नसेल तर त्याचा टॅग नकोच, मी तर असे टॅग सरळ काढायला लावतो. नको ते टॅग साइटही जड करतात आणि रिपोर्टमधला कचराही वाढवतात.

आणि काही गोष्टी जीए-फोर, म्हणजे गूगल ॲनालिटिक्सची आत्ताची आवृत्ती, स्वतःच मोजते. एन्हान्स्ड मेजरमेंट नावाचं त्याचं सेटिंग चालू असलं की पेज व्ह्यू, पान नव्वद टक्के खाली गेलं की स्क्रोल, बाहेरच्या साइटच्या लिंकवर क्लिक, साइटमधला सर्च, एम्बेड केलेला यूट्यूब व्हिडिओ, फाइल डाउनलोड हे सगळं येते. तेच परत टॅग मॅनेजरमधून बनवू नका. फॉर्मचंही येते, पण त्याच्यावर मी विसंबत नाही, फॉर्म खरंच पोचला हे 'धन्यवाद, आम्ही फोन करतो' असा मेसेज दिसल्यावरच धरायचं, त्यासाठी टॅग मॅनेजरमधे एलिमेंट व्हिजिबिलिटीचा ट्रिगर आहे. ट्रिगर म्हणजे टॅग कधी चालायचा ती अट, आणि हा ट्रिगर एखादी गोष्ट पानावर दिसली की चालते.

नावं ठरवताना कडक राहा

जीए-फोरमधे कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जाते. कॅपिटल ए लावून लिहिलेलं 'ॲड टू कार्ट' आणि सगळं स्मॉलमधे लिहिलेलं, हे त्याच्या दृष्टीनं दोन वेगळे इव्हेंट, म्हणजे साइटवर घडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून नियम एकच करा, नावं रोमन लिपीत, सगळी स्मॉल, शब्दांच्या मधे अंडरस्कोर, स्पेस नाही, डॅश नाही. नाव चाळीस अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, ती गूगलची मर्यादा आहे.

विक्रीची साइट असेल तर गूगलनं ठरवलेलीच नावं घ्या: व्ह्यू_आयटम, ॲड_टू_कार्ट, बिगिन_चेकआउट, परचेस. चौकशीचा फॉर्म असेल तर जनरेट_लीड. स्वतःची छान नावं बनवायचा मोह होतो, पण ई-कॉमर्सचे तयार रिपोर्ट याच नावांवर भरतात, तुम्ही 'पेटी_ऑर्डर' असं नाव दिलं तर ते रिपोर्ट रिकामे राहतील.

जिथे गूगलचं नाव नाही तिथे आपलं बनवायचं, आणि इथेच लोक पसारा करतात. हेडरमधल्या व्हॉट्सॲप बटणाला एक इव्हेंट, प्रॉडक्टच्या पानावरच्या बटणाला दुसरा, कार्टमधल्याला तिसरा. असं करू नका. इव्हेंट एकच ठेवा, व्हॉट्सॲप_क्लिक, आणि कुठून क्लिक झालं ते पॅरामीटरमधे, म्हणजे इव्हेंटसोबत जाणाऱ्या जास्तीच्या माहितीत, पाठवा, बटन_जागा, त्याची व्हॅल्यू हेडर किंवा प्रॉडक्ट किंवा कार्ट. एका इव्हेंटला पंचवीस पॅरामीटर चालतात, तेवढे कधी लागत नाहीत. पण एक पक्कं लक्षात ठेवा, पॅरामीटर पाठवला म्हणजे तो रिपोर्टमधे दिसतो असं नाही, ॲडमिनमधे जाऊन त्याची कस्टम डायमेन्शन, म्हणजे रिपोर्टमधला आपला स्वतःचा कॉलम, म्हणून नोंद करावी लागते, फुकटच्या जीए-फोरमधे अशा इव्हेंटच्या ५० डायमेन्शन मिळतात, आणि नोंद केली त्या दिवसापासून पुढचाच डेटा दिसते, मागचा नाही.

संत्र्याच्या धंद्यात याचा फार फरक पडते. आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येते आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चकडे. नोव्हेंबरमधे ऑर्डर धो धो येऊन राहिल्या तेव्हा तुम्ही डायमेन्शन नोंदवायला बसलात तर अर्धा सीझन हातातून गेला. सप्टेंबरात नोंदी करून, टेस्ट करून मोकळे व्हा.

आणि त्याच बैठकीत डेटा रिटेन्शन, म्हणजे बारीक डेटा किती दिवस ठेवायचा ते सेटिंग, बघा. जीए-फोर सुरुवातीला २ महिन्यांवर लावून देते, ते १४ महिने करा, दोन क्लिकचं काम आहे. तयार रिपोर्टमधले बेरजेचे आकडे त्यानं जात नाहीत, पण एक्सप्लोरेशनमधे जी खोदून तपासणी करतो त्यात जुना डेटा मिळत नाही. या वर्षीच्या आंबियाची मागच्या वर्षीच्या आंबियाशी तुलना सीझन चालू असतानाच करायची तर १४ महिने जेमतेम पुरतात, २ महिन्यांत तर दिवाळीचं होळीला बघता येणार नाही. त्याहून जास्त पाहिजे असेल तर बिगक्वेरीला, म्हणजे गूगलच्या डेटा साठवायच्या सेवेला, एक्सपोर्ट जोडून ठेवा, जोडल्या दिवसापासूनच साठते म्हणून लवकर जोडलेलं बरं.

व्हॅल्यूबद्दल एक सांगतो. साइट मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत असेल तर प्रॉडक्टचं नाव तीन प्रकारे जाईल आणि एकच पेटी रिपोर्टमधे तीन ठिकाणी दिसेल. म्हणून आयटम आयडी पक्का ठेवा, पाच किलोच्या पेटीला एक कोड, दहाच्या पेटीला एक, भाषा कोणतीही असो. डिलिव्हरीचा भाग पाठवायचा तर पूर्ण पिनकोडपेक्षा झोन पाठवा, विदर्भ, मुंबई-पुणे, बाकी महाराष्ट्र, बाहेरची राज्यं. चार-पाच ओळींचा रिपोर्ट मालक वाचतो, चारशे ओळींचा कोणी वाचत नाही.

व्हॉट्सॲपचं बटण, पायरी पायरीनं

आपल्याकडे निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर होते, म्हणून हा टॅग नीट दाखवतो. टॅग मॅनेजरमधे व्हेरिएबल्समधे (क्लिकची माहिती धरून ठेवणाऱ्या जागा) जाऊन क्लिक यूआरएल, क्लिक टेक्स्ट, क्लिक क्लासेस हे तयार व्हेरिएबल चालू करा. मग नवीन ट्रिगर, प्रकार 'जस्ट लिंक्स', काही लिंक क्लिक्स, अट अशी की क्लिक यूआरएलमधे 'डब्ल्यूए डॉट एमई' आहे. काही थीममधे बटण एपीआय डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉमवर जाते, तेही अटीत घ्या. 'ऑल एलिमेंट्स' का नाही घ्यायचं, तर लोक बटणातल्या हिरव्या आयकॉनवर बोट ठेवतात, आणि तेव्हा क्लिक त्या आयकॉनवर धरला जातो, लिंकवर नाही, मग क्लिक यूआरएल रिकामं येते आणि टॅग चालतच नाही. 'जस्ट लिंक्स' मात्र आयकॉनच्या वरची लिंक शोधून घेते.

जागा कळण्यासाठी वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा की प्रत्येक बटणाच्या लिंकवर एक डेटा ॲट्रिब्यूट, म्हणजे कोडमधली छोटी खूण, टाक, हेडरवाल्यावर हेडर, कार्टवाल्यावर कार्ट. टॅग मॅनेजरमधे ऑटो-इव्हेंट व्हेरिएबल बनवून ते ॲट्रिब्यूट वाचता येते. मग जीए-फोर इव्हेंटचा टॅग, नाव व्हॉट्सॲप_क्लिक, पॅरामीटर बटन_जागा, त्याच्यात ते व्हेरिएबल, झालं. फोनच्या लिंकलाही हेच, कारण जीए-फोर स्वतः मोजते त्या बाहेरच्या लिंकच्या (आउटबाउंड) क्लिकमधे फोन नंबरवरचा टॅप मोजल्या जात नाही, त्याला वेगळा ट्रिगर लागतेच.

पण चॅट उघडलं म्हणजे ऑर्डर झाली असं नाही. यासाठी व्हॉट्सॲपच्या लिंकमधे आधीच भरलेला मेसेज द्या, 'पाच किलो पेटीबद्दल विचारायचं आहे' आणि शेवटी पेटीचा कोड. चॅटवर बसलेल्या मुलाला कळते की माणूस कुठल्या पानावरून आला, आणि तो ऑर्डर रजिस्टरमधे तोच कोड टाकतो. महिन्याच्या शेवटी क्लिक किती आणि त्यातून ऑर्डर किती हे जुळवता येते.

परचेस टॅग आणि यूपीआयची अडचण

सगळ्यात जास्त वेळ या टॅगला द्या. बहुतेक साइटवर परचेस टॅग 'थँक यू' पानावर लावलेला असतो. आता गिऱ्हाईक काय करते, मोबाइलवर चेकआउट करते, यूपीआय ॲप उघडते, पिन टाकते, पैसे गेल्याचा हिरवा टिक बघते आणि फोन खिशात. ब्राउझरमधे परत येतच नाही. पैसे तुमच्या खात्यात आले, ऑर्डर पक्की झाली, पण थँक यू पान उघडलंच नाही म्हणून ॲनालिटिक्सला ती ऑर्डर माहीतच नाही. मग रिपोर्टमधे कार्डवाले जास्त आणि यूपीआयवाले कमी दिसतात आणि मालक म्हणतो काहून आकडे जुळत नाहीत.

उपाय असा की पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, ज्या वेळी तुमच्या सर्व्हरला 'पैसे आले' असा वेबहुक (आपोआप जाणारा निरोप) पाठवते तिथून मेजरमेंट प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरवरून थेट जीए-फोरला डेटा पाठवायची सोय, वापरून परचेस इव्हेंट पाठवायचा. त्यासाठी चेकआउटच्या वेळीच गिऱ्हाइकाचा क्लायंट आयडी आणि सेशन आयडी (कुठला ब्राउझर आणि कुठली भेट ते सांगणारे नंबर) ऑर्डरसोबत साठवून ठेवावे लागतात, नाही तर ऑर्डर कुठून आली ते तुटते. डेव्हलपरचं थोडं काम आहे, पण करून घ्या. तेवढं सध्या जमत नसेल तर कमीत कमी दर आठवड्याला गेटवेची यादी आणि जीए-फोरची यादी शेजारी ठेवून किती सुटल्या ते बघा, म्हणजे चुकीच्या आकड्यावर जाहिरातीचा पैसा हलवला जाणार नाही.

प्रत्येक परचेससोबत ट्रान्झॅक्शन आयडी गेलाच पाहिजे. कोणी थँक यू पान रिफ्रेश केलं किंवा दुसऱ्या दिवशी परत उघडलं तर त्याच आयडीवरून जीए-फोर दुसरी नोंद गाळते. रक्कम पाठवताना व्हॅल्यू आणि करन्सी दोन्ही, करन्सीत आयएनआर. कॅश ऑन डिलिव्हरीची पेटी परत आली तर रिफंड इव्हेंट त्याच आयडीनं पाठवा, नाही तर जी पेटी दारातून परत आली ती विक्रीत मोजलेली राहते.

अजून एक, गेटवेवरून परत आलेलं गिऱ्हाईक कधी कधी 'गेटवेच्या साइटवरून आलं' असं दिसते आणि इन्स्टाचं श्रेय गेटवेला जाते. जीए-फोरमधे डेटा स्ट्रीमच्या, म्हणजे तुमच्या साइटच्या जोडणीच्या, टॅग सेटिंगमधे नको असलेल्या रेफरलची (लोक ज्या साइटवरून आले त्यांची) यादी आहे, तिथे गेटवेचं डोमेन टाका.

लिंकवरचे यूटीएम

लिंकच्या शेवटी जोडलेली जी खूण माणूस कुठून आला ते सांगते तिला यूटीएम म्हणतात, म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. अर्चिन ही कंपनी गूगलनं २००५ मधे घेतली आणि त्यातूनच गूगल ॲनालिटिक्स आलं. नाव जुनं आहे पण काम आजही तेवढंच कामाचं. सोर्स (कुठून), मीडियम (कुठल्या प्रकारानं), कॅम्पेन (कुठली मोहीम) हे तीन प्रत्येक लिंकवर भरा, कंटेंट हा एकाच पोस्टमधल्या दोन फोटोंची तुलना करायची तेव्हा.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टमधून पाठवलेल्या लिंकला यूटीएम नसेल तर ती बहुतेक वेळा 'डायरेक्ट'मधे, म्हणजे कुठून आले ते माहीत नसलेल्यांत, पडते, आणि आपल्याकडे डायरेक्टचा आकडा फुगलेला दिसतो त्याचं हे मोठं कारण. इथेही कॅपिटल-स्मॉलचं तेच, एक जण सोर्सला व्हॉट्सॲप पूर्ण लिहितो, दुसरा कॅपिटलमधे डब्ल्यूए, तिसरा ग्रुपचं नाव, मग एकच चॅनल तीन ओळींत फाटते. शीटच्या दुसऱ्या टॅबवर सोर्स आणि मीडियमची ठरलेली यादी ड्रॉपडाउनमधे ठेवा आणि लिंक तिथेच फॉर्म्युल्यानं तयार होऊ द्या, हातानं टाइप करायला कोणाला लावूच नका.

मीडियम मनानं ठरवू नका. जीए-फोर सीपीसी (क्लिकमागे पैसे द्यायची जाहिरात), ईमेल, सोशल, एसएमएस, ॲफिलिएट असे शब्द ओळखते आणि त्यावरून चॅनल ठरवते. पेटीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडला किंवा सीताबर्डीच्या स्टॉलवरच्या स्टँडीला तुम्ही मीडियम 'क्यूआर' दिलं तर ते 'अनअसाइन्ड'मधे, म्हणजे कुठल्याच चॅनलमधे न बसलेल्यांत, जाईल, ते चालते, फक्त कस्टम चॅनल ग्रुपमधे त्याच्यासाठी एक नियम बनवून ठेवा. गूगल ॲड्सला ऑटो-टॅगिंग (गूगल स्वतःच लिंकवर खूण लावते ती सोय) चालू असेल तर हातानं यूटीएम नको. आणि आपल्याच साइटच्या आतल्या बॅनरला यूटीएम कधीच लावू नका, माणूस गूगलवरून आलेला असते आणि ऑर्डरचं श्रेय तुमच्याच होमपेजच्या बॅनरला जाते. आतल्या बॅनरसाठी व्ह्यू_प्रमोशन आणि सिलेक्ट_प्रमोशन हे इव्हेंट आहेत.

लोकांची माहिती ॲनालिटिक्सला जाऊ देऊ नका

ईमेल, फोन नंबर, नाव हे ॲनालिटिक्सला पाठवायची गूगलची मनाई आहे, आणि आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही आहे. मुद्दाम कोणी पाठवत नाही, पण ते नकळत जाते. चौकशीचा फॉर्म गेट पद्धतीनं बनवलेला असला की सबमिट केल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यात फोन नंबर दिसतो, आणि पेज व्ह्यूसोबत तो पूर्ण पत्ता जीए-फोरला जातो. आत्ताच तुमच्या साइटवर एक फॉर्म भरून ॲड्रेस बारकडे बघा. नंबर दिसला तर फॉर्म पोस्ट पद्धतीनं, जिच्यात भरलेलं पत्त्यात दिसत नाही, करून घ्या, आणि डेटा स्ट्रीममधे रिडॅक्ट डेटाची, म्हणजे अशी माहिती गाळायची, सोय चालू करा. संमतीचा बॅनर असेल तर त्याचा निर्णय कन्सेंट मोडला, म्हणजे संमतीप्रमाणे टॅग चालवायच्या गूगलच्या सोयीला, जोडा, बॅनर नुसता दाखवायला नको, 'नाही' म्हटलं तर टॅगनं खरंच थांबलं पाहिजे.

टेस्टिंग आणि चाव्या कोणाकडे

पब्लिश करायच्या आधी प्रिव्ह्यू लावा, एका बाजूला टॅग असिस्टंट (कुठला टॅग चालला ते दाखवते), दुसऱ्या बाजूला जीए-फोरचा डीबगव्ह्यू (तिथे काय पोचलं ते दाखवते), आणि शीटमधली एक एक ओळ करून बघा. लॅपटॉपवर झालं की मोबाइलवर, वायफाय बंद करून, खऱ्या यूपीआयनं एक खरी ऑर्डर टाका. पेज व्ह्यू दोनदा पडून राहिले का तेही बघा, वर्डप्रेसच्या प्लगइनमधेही जीए-फोर आणि टॅग मॅनेजरमधेही जीए-फोर असं फार ठिकाणी सापडते, त्यातलं एक काढा.

ऑफिसातल्या लोकांची ये-जा गाळायला इंटर्नल ट्रॅफिकचा फिल्टर आहे, तो आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून, ओळखते, पण तो सुरुवातीला टेस्टिंगवर असतो, ॲक्टिव्ह करावा लागतो. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहते, म्हणून स्टॅटिक आयपी नसेल तर त्या फिल्टरवर मधून मधून नजर ठेवा.

अकाउंटची गोष्ट मनावर घ्या. टॅग मॅनेजर आणि जीए-फोर धंद्याच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा, आणि एजन्सीला किंवा फ्रीलान्सरला तिथे ॲक्सेस द्या, उलटं नको. एका ओळखीच्या दुकानदाराचं सगळं खातं साइट बनवणाऱ्याच्या जीमेलवर होतं, तो मुलगा नोकरीसाठी बेंगलोरला गेला, आणि दुकानदाराचा दोन सीझनचा डेटा त्याच्या हाती राहिला नाही, जीए-फोरमधे नवीन प्रॉपर्टी, म्हणजे साइटच्या डेटाची नवीन जागा, उघडून शून्यापासून सुरुवात करावी लागली. मेहनतीनं जमवलेलं असं जाताना बघून खरंच वाईट वाटते.

दर वेळी पब्लिश करताना व्हर्जनला नाव आणि दोन ओळींची नोंद द्या, काय बदललं, कोणी सांगितलं. काही बिघडलं तर मागचं व्हर्जन परत पब्लिश करता येते, पण कुठलं व्हर्जन चांगलं होतं हे कळायला ती नोंद पाहिजे. शीटमधे प्रत्येक टॅगसमोर एका माणसाचं नाव आणि शेवटचं तपासल्याची तारीख ठेवा. 'की इव्हेंट', म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे इव्हेंट, ज्याला २०२४ च्या आधी कन्व्हर्जन म्हणत होते, दोन-तीनच खुणा करा, परचेस, जनरेट_लीड आणि पाहिजे तर व्हॉट्सॲप_क्लिक. तीसपर्यंत करता येतात, पण सगळंच महत्त्वाचं केलं तर जाहिरातीच्या सिस्टीमला काय शोधायचं ते कळत नाही.

आणि बहार संपला की, म्हणजे एप्रिलकडे जेव्हा ऑर्डर कमी असतात, शीट घेऊन बसा. ज्या टॅगचा आकडा वर्षभरात कोणी एकदाही बघितला नाही तो पॉज करा, साइट बदलल्यामुळे जे चालत नाहीत ते दुरुस्त करा, संपलेल्या ऑफरचे टॅग काढून टाका, आणि पेट्या भरणाऱ्याला परत विचारा की या सीझनला गिऱ्हाईक नवीन काय विचारून राहिलं होतं. तो जे सांगेल ते पुढच्या ओळीत, पहिल्या कॉलममधे लिहा.